‘पित्त असेल, सकाळी बघू’ : हार्ट अटॅक आणि घरात वाया जाणारे तास

कृष्णाकाठची_सिस्टर

आमच्या कॅज्युअल्टीत (तातडीच्या विभागात) छातीत दुखणारा पेशंट आला की मी पहिल्यांदा विचारते, दुखायला लागलं कधी? उत्तर घड्याळात क्वचितच मिळतं. ‘जेवण झाल्यावर’, ‘पहाटे धारा काढताना’, ‘काल रात्रीपासून थोडं थोडं’. मग मी विचारते, तेव्हापासून आत्तापर्यंत काय केलं? इथे मात्र सगळं तपशीलवार कळतं. इनो घेतला. ओवा आणि काळं मीठ चावलं. सोडा प्यायला. बाम चोळला, विटेनं शेकलं. उसण भरली म्हणून पायाळू माणसाला बोलावून पाठीत लाथ मारून घेतलेलेही मी पाहिलेत. शेवटी कुणीतरी सून नाहीतर पुतण्या घाबरला आणि गाडी काढली.

हे सगळं अडाणी लोक करतात असं समजू नका. मुख्याध्यापक, बँकेचे मॅनेजर, एकदा तर मेडिकल दुकानाचे मालक. सगळ्यांचं पहिलं वाक्य एकच, ‘मला वाटलं पित्त झालंय.’

आत काय होतं ते थोडक्यात. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या नळीत गुठळी अडकते आणि तिच्या पुढच्या भागाचं रक्त बंद होतं. तो भाग लगेच मरत नाही. पाणी तोडलेला ऊस जसा एका दिवसात वाळत नाही, बांधाकडून आत वाळत जातो, तसंच. फक्त इथे दिवस नसतात. साधारण २०-३० मिनिटांनी पेशी मरायला लागतात आणि पुढच्या सहा तासांत बरंचसं नुकसान होऊन जातं. मेलेला स्नायू परत उगवत नाही.

गुठळी विरघळवण्याच्या औषधांवर झालेल्या २२ चाचण्यांचा एकत्र आढावा १९९६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला होता. पहिल्या तासात औषध मिळालं तर दर हजार पेशंटमागे जास्तीचे ६५ जीव वाचत होते. दुसऱ्या तासात मिळालं तर ३७. औषध तेच, एक तासाचा फरक.

आणि आपल्याकडे काय होतं? २००८ मध्ये ‘क्रिएट’ नावाची मोठी नोंदणी प्रसिद्ध झाली. भारतातल्या ५० शहरांतल्या ८९ हॉस्पिटलांमधले वीस हजारांवर पेशंट होते त्यात. मोठ्या अटॅकवाल्यांना दुखणं सुरू झाल्यापासून हॉस्पिटलच्या दारात यायला लागलेला वेळ (मध्यक, म्हणजे निम्म्यांना याहून जास्त) ३०० मिनिटं. दारात आल्यावर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन मिळायला ५० मिनिटं. ती ५० मिनिटंही कमी व्हायला हवीत, ते आमचं काम. पण पाच तास घरात आणि रस्त्यात गेले, त्यावर आमच्या हातात काही नाही. म्हणून हा धागा.

दुखणं कसं असतं ते पेशंटच्याच शब्दांत सांगते. ‘छातीवर कुणी बसलंय’, ‘आवळल्यागत होतंय’, ‘मधोमध जळतंय’, ‘जड जड वाटतंय’. दाखवताना बहुतेक जण एक बोट ठेवत नाहीत, मूठ नाहीतर पंजा छातीवर ठेवतात. कळ डाव्या हातात जाते, पण उजव्या हातात, दोन्ही दंडांत, जबड्यात, पाठीत, पोटाच्या वरच्या भागातही जाते. आणि घाम. पंख्याखाली बसून बनियन पिळून काढावा असा घाम. छातीत असं काही होतंय आणि थंड घाम आलाय, एवढ्यावर मी तरी माणसाला घरी थांबू देणार नाही.

तुमच्या घरात, शेजारी काय घडलं, कशामुळे उशीर झाला, लिहा. प्रश्न असतील तर विचारा.

---

मंडईकर

सिस्टर, चांगला विषय. आमच्या वाड्यातल्या एका काकांची गोष्ट. पहाटे घाम फुटलेला, छाती गच्च. काकूंनी रिक्षा आणली तर काका बाथरूममध्ये! दाढी केली, आंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला, मेडिक्लेमची फाइल सापडेना म्हणून कपाट उपसलं. वर देवाला दिवा. रिक्षावाला खालून हॉर्न मारतोय. वाचले, पण हृदयाचं पंपिंग कमी झालं कायमचं. आता दुसऱ्या मजल्यावर येताना मध्ये खुर्ची ठेवलीय त्यांच्यासाठी.

---

कृष्णाकाठची_सिस्टर

मंडईकर, आंघोळ करून येणारे आम्हाला नेहमीचे आहेत. त्यात नुसता वेळ जात नाही. अटॅक चालू असताना जिने चढणं-उतरणं, बादली उचलणं, संडासला जोर करणं, या सगळ्यानं हृदयावर ताण येतो. दाराला आतून कडी लावून बाथरूममध्ये कोसळलेला माणूस बाहेर काढताना काय होतं ते न सांगितलेलं बरं. पेशंटनं बसून राहायचं, पाठीला टेकून. धावपळ इतरांनी करायची.

---

सावली

माझ्या आईला छातीत अजिबात दुखलं नव्हतं. मधुमेह बऱ्याच वर्षांचा. दुपारी उलटी झाली, गळून गेली, घाम यायला लागला. आम्हाला वाटलं शुगर कमी झाली. तपासली तर चांगली होती. बाबा म्हणाले, मग घाम कशाचा? त्यांनी फॅमिली डॉक्टरांना फोन लावला, डॉक्टर म्हणाले आत्ताच्या आत्ता घेऊन या, कार्डिओग्राम काढू. कार्डिओग्रामची पट्टी पाहून त्यांनी तिथेच गोळ्या दिल्या आणि पुढे पाठवलं. संध्याकाळी स्टेंट (नळी उघडी ठेवणारी जाळी) टाकून झाला होता. बाबांनी तो एक प्रश्न विचारला नसता तर आम्ही साखर-पाणी देऊन निजवलंच असतं तिला.

---

तालुक्याचा_डॉक्टर

सावली, तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा.

मधुमेहात बारीक नसा बिघडतात, त्यामुळे हृदयाची कळ मेंदूपर्यंत नीट पोचत नाही. अशा पेशंटला कधी नुसती धाप लागते, कधी उलटी, कधी एकदम थकवा. म्हाताऱ्या माणसांतही असं होतं. बायकांमध्ये छातीत दुखणं हेच सर्वांत जास्त आढळणारं लक्षण आहे, पण सोबत मळमळ, जबडा-पाठ दुखणं, धाप, प्रचंड थकवा हे पुरुषांपेक्षा जास्त दिसतं. त्यात घरातली बाई स्वतःचं दुखणं सांगतच नाही. ‘दमले असेन’ म्हणून पोळ्या लाटत राहते, आणि घरचेही ते मान्य करून टाकतात. पुरुषाच्या छातीत दुखलं तर गाडी निघते, बाईच्या दुखलं तर गोळी मिळते. हे मी रोज बघतो, आणि माझ्या व्यवसायातले लोकही यात मागे नाहीत. पन्नाशीच्या बाईला ‘टेन्शन घेऊ नका’ सांगून कार्डिओग्राम न काढता परत पाठवलेलं पाहिलंय.

---

शंकेखोर

सगळं ठीक आहे, पण दुसरी बाजू कोण लिहिणार? छातीत दुखतंय म्हणून गेलं की आत घेतात, अँजिओ (हृदयाच्या नळ्यांची तपासणी) करा म्हणतात, टेबलावर असतानाच बाहेर येऊन ‘तीन ब्लॉक आहेत, सही करा’. माझ्या ओळखीत दोन जणांना गरज नसताना स्टेंट टाकल्याचं दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं. लोक घरी थांबतात ते पित्तामुळे नाही, बिलाच्या भीतीनं थांबतात. घाबरवणारे धागे काढून हॉस्पिटलांचा धंदा वाढतो.

---

भाकरी_ठेचा

शंकेखोर आले, आता धागा शंभरी गाठणार 😀

---

तालुक्याचा_डॉक्टर

शंकेखोर यांच्या रागाला आधार आहे, म्हणून नीट उत्तर देतो.

दोन वेगळे पेशंट आहेत. पहिला : चालताना, चढ चढताना छातीत भरून येतं, थांबलं की पाच मिनिटांत जातं, महिनोन्‌महिने तसंच चाललंय. अशा स्थिर पेशंटमध्ये आधी औषधं देऊन बघणं आणि सरसकट स्टेंट टाकणं यांची तुलना झालीय. २००७ ची ‘करेज’ आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेली ‘इस्केमिया’. दोन्हींत स्टेंटमुळे मृत्यू कमी झाले नाहीत. (डावी मुख्य नळी अरुंद असणं वगैरे प्रकार वेगळे.) तेव्हा अशा पेशंटला कुणी ‘आजच टाका नाहीतर जाल’ म्हणत असेल तर रिपोर्ट घेऊन दुसरं मत जरूर घ्या. तुमच्याकडे वेळ आहे.

दुसरा पेशंट : आत्ता दुखतंय, थांबत नाही, घाम आलाय. इथे नळी पूर्ण बंद असू शकते. ती उघडण्याचे दोनच मार्ग, इंजेक्शन किंवा बलून-स्टेंट, आणि दोन्हींनी जीव वाचतात हे निर्विवाद आहे. दुसरं मत घ्यायला वेळ नाही. पहिल्या पेशंटबद्दलचा संशय दुसऱ्या पेशंटला लावला की माणूस दगावतो.

पैशांचं म्हणाल तर दोन गोष्टी. स्टेंटच्या किमतीवर फेब्रुवारी २०१७ पासून सरकारी मर्यादा आहे. तेव्हा औषध लावलेल्या स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरली, नंतर ती वेळोवेळी बदलत गेली. त्याआधी एकेका स्टेंटला लाखाच्या वर घेत. आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी (तेच बलून-स्टेंट) बसते. आता वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसलेला असतो, त्याला गाठायचं. इमर्जन्सीत आधी भरती, कागद मागून, अशी सोय आहे. हेल्पलाइन १५५३८८. तुमच्या गावाजवळचं कुठलं हॉस्पिटल योजनेत आहे ते आजच विचारून ठेवा, रात्री दोन वाजता नको.

---

शंकेखोर

दोन पेशंटांचा फरक पटला. बिलाचा मुद्दा मी सोडलेला नाही. डिपॉझिट भरल्याशिवाय हात न लावणारी हॉस्पिटलं आहेतच.

---

कृष्णाकाठची_सिस्टर

आहेत. पण सुप्रीम कोर्टानं १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट सांगितलंय की जीव वाचवण्याचे उपचार देणं सरकारी असो की खाजगी, प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे. काउंटरवर भांडत बसू नका, सरळ कॅज्युअल्टीत आत जा आणि मोठ्यानं सांगा, ‘छातीत दुखतंय, आधी कार्डिओग्राम काढा.’ एका माणसानं पेशंटजवळ थांबायचं, दुसऱ्यानं केसपेपर काढायचा. आल्यापासून दहा मिनिटांत पट्टी निघून डॉक्टरच्या हातात गेली पाहिजे, असा जगभरचा नियम आहे. तुम्ही त्याची आम्हाला आठवण करून दिलीत तर राग मानू नये कुणी. मी तरी मानत नाही.

---

आजीचा_बटवा

अर्जुनसाल आणि लसूण यांनी आमच्याकडे बऱ्याच जणांचे ब्लॉक गेले आहेत. शिवाय अटॅक आला आणि एकटे असाल तर जोरजोरात खोकत राहायचं, त्यानं हृदय चालू राहतं. हा मेसेज सगळ्यांना पाठवा.

---

तालुक्याचा_डॉक्टर

कृपा करून पाठवू नका. खोकण्याचा तो मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. त्याचा उगम वेगळा आहे : अँजिओच्या टेबलावर, मॉनिटर लावलेला असताना, ठोका अचानक बिघडला तर डॉक्टर पेशंटला काही क्षण खोकायला सांगतात. घरी एकट्यानं खोकत बसून गुठळी हलत नाही, फक्त फोन करायचा राहून जातो. लसूण रोजच्या जेवणात खुशाल खा. चालू अटॅकमध्ये काढा उकळत बसू नका, एवढंच मागणं.

---

घाटमाथा

आमच्याकडचं सांगतो. वाडीपासून डांबरी सडक दीड किलोमीटर. १०८ ला फोन केला तर गाडी येते, पण तालुक्याहून निघून यायला घाट आहे. पावसाळ्यात दरड. लोक काय करतात, वडापवाल्याला (शेअर जीपवाल्याला) उठवतात. नाहीतर मोटारसायकलवर मध्ये बसवून, मागून एकानं धरून. आणि जायचं कुठं यावरच भावकीत अर्धा तास. एक म्हणतो ग्रामीण रुग्णालयात काय आहे, सरळ शहरात मोठ्या दवाखान्यात चला. शहर तीन तास. तुमचं ‘लगेच जा’ आम्हाला मान्य आहे सिस्टर, पण कुठं आणि कशातून, ते सांगा.

---

कृष्णाकाठची_सिस्टर

घाटमाथा दादा, खरा प्रश्न हाच आहे, म्हणून जरा लांब लिहिते.

आधी कुठं ते. अँजिओप्लास्टी हा उत्तम उपचार, पण ठराविक वेळेत मिळाला तरच. पहिल्या डॉक्टरनं पट्टी पाहून निदान केल्यापासून दोन तासांच्या आत नळी उघडता येणार असेल तर सरळ कॅथलॅबच्या (जिथे अँजिओप्लास्टी होते त्या) हॉस्पिटलात न्यावं. येणार नसेल तर निदान झाल्यावर अर्ध्या तासात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं आणि मग शहराकडे निघायचं. त्यातलं स्ट्रेप्टोकायनेज स्वस्त आहे, तासाभराच्या सलाइनमधून देतात. टेनेक्टेप्लेज वजनाप्रमाणे एकाच झटक्यात देता येतं. इंजेक्शन लागू पडलं तर अँजिओ पुढच्या ३ ते २४ तासांत करतात. इंजेक्शन सगळ्यांना चालत नाही. मेंदूत रक्तस्राव होऊन गेला असेल, नुकतंच मोठं ऑपरेशन झालं असेल तर नाही, म्हणून ते डॉक्टरच ठरवणार. पण त्यासाठी माणूस आधी पट्टी निघेल तिथे पोचला पाहिजे. तीन तासांवरचं मोठं हॉस्पिटल गाठण्यापेक्षा वीस मिनिटांवरचं ईसीजी (कार्डिओग्राम) मशीन केव्हाही चांगलं. तुमच्या भागात कुठं चोवीस तास ईसीजी निघतो आणि कुठं ते इंजेक्शन ठेवलेलं असतं, ही चौकशी भावकीनं आज करायची आहे. पेशंट समोर घामाघूम असताना नाही.

आता कशातून. १०८ फुकट आहे, महाराष्ट्रात २०१४ पासून चालू आहे, गाडीत डॉक्टर, ऑक्सिजन असतो. काही गाड्या ‘अ‍ॅडव्हान्स’ असतात, त्यात मॉनिटर आणि शॉक द्यायचं मशीनही. पहिल्या तासातले मृत्यू बहुतेक ठोका बिघडून होतात आणि त्याला शॉक हाच उपाय, म्हणून रुग्णवाहिका आपल्या गाडीपेक्षा सुरक्षित. फोनवर ‘छातीत दुखतंय’ हे शब्द वापरा, नुसतं ‘सिरीयस आहे’ नको. पण गाडी यायला जास्त वेळ लागणार असं त्यांनी सांगितलं तर वडाप, जीप, दुधाचा टेम्पो, जे चारचाकी असेल त्यातून निघा आणि वाटेत १०८ ला गाठा. तसं ठरवता येतं, फोन चालू ठेवा. मोटारसायकल नको. बेशुद्ध झाला तर सांभाळता येत नाही. आणि पेशंटनं स्वतः गाडी चालवायची नाही, कितीही ‘मला काही होत नाही’ म्हणाला तरी.

---

म्हापशेकार

गोव्यात या बाबतीत बरं काम झालंय ते सांगतो. डिसेंबर २०१८ पासून सरकारचा ‘स्टेमी गोवा’ (स्टेमी म्हणजे मोठा अटॅक) प्रकल्प चालू आहे. आरोग्य केंद्रात, जिल्हा इस्पितळात पट्टी काढली की ती इंटरनेटवरून तज्ज्ञांकडे जाते, काही मिनिटांत उत्तर येतं. अटॅक असेल तर ते महागडं इंजेक्शन तिथल्या तिथे, फुकट. मग १०८ मधून बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात). पेडण्याचा किंवा काणकोणचा माणूस पट्टीशिवाय नुसता बांबोळीच्या वाटेवर राहत नाही. अर्थात तो केंद्रावर गेला तर! सोलकढी पिऊन झोपला तर प्रकल्प काय करणार.

---

घाटमाथा

सिस्टर, धन्यवाद. उद्या ग्रामपंचायतीत बोलतो. आशाताईंना माहीत असेल कुठं काय आहे ते.

---

दूरदेशी

आम्ही न्यू जर्सीत. इथे ९११ लावला की पलीकडचा माणूस फोन न ठेवता पुढे काय करायचं ते सांगत राहतो. पण माझी काळजी इथली नाही. आई-बाबा पुण्यात, दोघंच, पंचाहत्तरीच्या पुढे. त्यांना काही झालं की पहिला फोन मला येतो. कारण ‘शेजाऱ्यांना रात्री कशाला त्रास’! आणि मी इथून १०८ लावू शकत नाही.

मी मागच्या वेळी जाऊन केलेलं : शेजारच्या दोन घरांशी आईबाबांच्या समोर बोलून घेतलं की रात्री-बेरात्री बेल वाजेल. एक किल्ली त्यांच्याकडे. वॉचमनकडे लिफ्टची आणि गेटची सूचना. सगळ्या गोळ्यांची नावं आणि ब्लड ग्रुप एका कागदावर, फ्रिजच्या दारावर. बाबांच्या जुन्या कार्डिओग्रामचा फोटो आमच्या तिघांच्या फोनमध्ये, म्हणजे नवीन पट्टीत काय बदललं ते डॉक्टरला कळेल. आणि आईला पढवून ठेवलंय की बाबा नको म्हणाले तरी तू विचारायचं नाही, बेल वाजवायची.

---

सावली

हे शेवटचं सर्वांत अवघड आहे. आमच्याकडे बाबांची पिढी ‘कुणाला त्रास नको’ म्हणतच जगली.

---

पेन्शनर

मी ६८ वर्षांचा, बीपीची गोळी चालू. पाकिटात सॉर्बिट्रेट आणि डिस्प्रिन ठेवतो. मित्रमंडळातल्या सगळ्यांना तसंच सांगितलंय की छातीत दुखलं तर दोन्ही घ्या. बरोबर आहे ना?

---

तालुक्याचा_डॉक्टर

काका, अर्धं बरोबर.

डिस्प्रिन म्हणजे अ‍ॅस्पिरिन, आणि तिच्या बाजूनं भक्कम पुरावा आहे. १९८८ च्या आयसिस-२ चाचणीत सतरा हजारांवर पेशंट होते. नुसत्या अ‍ॅस्पिरिननं पाच आठवड्यांतले मृत्यू जवळपास २३ टक्क्यांनी कमी झाले, स्ट्रेप्टोकायनेजसोबत ४२ टक्क्यांनी. डोस साधारण ३०० ते ३२५ मिलिग्रॅम. चावून खायची, गिळायची नाही, म्हणजे लवकर रक्तात उतरते. घरी ७५ किंवा १५० ची इकोस्प्रिन (तीही अ‍ॅस्पिरिनच) असेल तर तेवढी भरेल इतक्या गोळ्या चावा. पण अ‍ॅस्पिरिननं दम्याचा झटका किंवा अ‍ॅलर्जी येत असेल, रक्ताची उलटी किंवा काळं शौच होत असेल तर नाही. तोंड वाकडं झालंय, हात-पाय लुळा पडलाय, बोलणं अडखळतंय, तर अजिबात नाही. तो मेंदूचा प्रकार असू शकतो, आणि स्कॅनशिवाय गुठळी की रक्तस्राव हे कळत नाही.

सॉर्बिट्रेट (रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी) मित्रांना वाटू नका. ती ज्याला डॉक्टरनं लिहून दिली आहे त्यानंच, बसून, जिभेखाली ठेवायची. बीपी आधीच खाली असेल किंवा हृदयाच्या उजव्या बाजूचा अटॅक असेल तर तिनं बीपी धाडकन पडतं. पुरुषांनी ‘त्या’ कारणासाठी सिल्डेनाफिलसारखी (व्हायग्रा) गोळी घेतली असेल तर जिवावर बेततं. कॅज्युअल्टीत हे विचारलं तर लाजू नका, बायकोला बाहेर पाठवून सांगा हवं तर.

आणि गोळी घेऊन बरं वाटलं म्हणून घरी थांबायचं नाही. गोळी फोन केल्यानंतर, गाडीची वाट बघताना.

---

पेन्शनर

समजलं. उद्या कट्ट्यावर दुरुस्ती जाहीर करतो. ‘त्या’ गोळीच्या वेळी काय चेहरे होतात बघू.

---

रानवाटा

मी ३८. सिंहगड दर रविवारी. मागच्या पावसाळ्यात आमच्या ग्रुपमधला एक जण, माझ्याच वयाचा, अर्ध्या वाटेत ‘छातीत कसंतरी होतंय, अ‍ॅसिडिटी’ म्हणून बसला. सिगारेट रोजची, वडिलांना पन्नाशीच्या आत अटॅक. आम्ही त्याला खाली आणून दवाखान्यात नेलं तर पहिला ईसीजी नॉर्मल. तो उठायलाच लागला. तिथल्या डॉक्टरबाईंनी थांबवून ठेवला, वीस मिनिटांनी परत काढला, त्यात बदल दिसला. हे असं कसं होतं?

---

कृष्णाकाठची_सिस्टर

ईसीजी म्हणजे त्या काही सेकंदांपुरती नोंद. गुठळी अर्धवट असेल, किंवा मागच्या बाजूच्या नळीत असेल, तर पहिल्या पट्टीत दिसत नाही. म्हणून दुखणं चालू असेल तर १५ ते ३० मिनिटांनी परत काढतात आणि ट्रोपोनिन ही रक्ताची तपासणी करतात. तीही लगेच गेलात तर पहिल्यांदा निगेटिव्ह येऊ शकते, काही तासांनी परत करावी लागते. ‘पट्टी चांगली आहे, घरी जा’ असं कुणी पाच मिनिटांत म्हणालं आणि दुखणं थांबलेलं नाही, तर विचारा, ‘परत कधी काढणार?’ हा प्रश्न विचारणं म्हणजे उद्धटपणा नाही.

वयाचं म्हणाल तर ५२ देशांतल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात (२००४) दक्षिण आशियातल्या लोकांचं पहिल्या अटॅकचं वय इतरांपेक्षा पाच-सहा वर्षांनी कमी निघालं. तिशीतले पेशंट आम्हाला आता नवे नाहीत. तंबाखू, मधुमेह, घरात लवकर अटॅक, यातलं एक जरी असेल तर वयाकडे बोट दाखवून थांबू नका. मिश्रीही तंबाखूच, हेही बायकांसाठी सांगून ठेवते.

---

भाकरी_ठेचा

आता एक गंभीर प्रश्न माझाही. माणूस समोर कोसळला तर?

---

तालुक्याचा_डॉक्टर

हलवून हाक मारा. ओ देत नाही आणि श्वास नीट नाही (अधूनमधून घोरल्यासारखा आचका म्हणजे श्वास नव्हे), तर हृदय थांबलंय असं धरा. कांदा-चप्पल हुंगवणं नको, पाणी पाजणं नको. एकानं १०८ लावायचा, स्पीकरवर. दुसऱ्यानं पेशंटला कडक जमिनीवर उताणं करून छातीच्या मधोमध तळहात ठेवून दाबायचं. साधारण पाच सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२०. बरगडी मोडेल ही भीती सोडा. दर दोन मिनिटांनी माणूस बदला, दमायला होतं. तोंडाने श्वास देता येत नसेल तर नुसतं दाबत राहा. मॉल, विमानतळ, मोठी स्टेशनं इथे शॉकचं मशीन असतं, ते काय करायचं ते स्वतः बोलून सांगतं.

वाचून जमत नाही हे. एकदा पुतळ्यावर शिकून घ्या, दोन-तीन तासांचं काम आहे.

---

मंडईकर

सिस्टर, डॉक्टर, आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये लावायला मजकूर केलाय. तपासाल का?

‘छातीत दुखणे, जड वाटणे, घाम, धाप, उलटी, हात किंवा जबड्यात कळ : डिस्प्रिन चावून खा. १५ मिनिटे विश्रांती घ्या. बरे न वाटल्यास १०८ ला फोन करा. रात्री वॉचमनला उठवा. – सचिव’

---

कृष्णाकाठची_सिस्टर

मंडईकर, ‘१५ मिनिटे विश्रांती’ काढून टाका, लोक तेवढंच पाळतील. १०८ ची ओळ पहिली घ्या. डिस्प्रिन तिच्यानंतर, आणि पुढे ‘अ‍ॅलर्जी, रक्तस्राव किंवा तोंड वाकडे झाले असल्यास देऊ नये’ घाला. तुमच्या भागात चोवीस तास ईसीजी निघणाऱ्या जागेचं नाव आणि पत्ता लिहा. सोसायटीत गाडी चालवणारे दोघं-तिघं तयार असतील तर त्यांचे फ्लॅट नंबर त्यांना विचारून द्या. वॉचमनकडे लिफ्टची किल्ली असते का तेही बघा. आणि तो मराठी वाचणारा नसेल तर खाली हिंदीतही लिहा, मोठ्या अक्षरात.